टर्नटेबल जुनं घ्यावं की नवं? या चुका टाळा

आधी टर्नटेबल, म्हणजे रेकॉर्ड वाजवायचं मशीन, पसंत करायचं आणि रेकॉर्डी मागाहून पाहायच्या, हा उलटा कारभार. घरात नाट्यगीतांच्या ७८ आरपीएमच्या (मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या) लाखेच्या तबकड्या असतील, तर बरीच नवी टर्नटेबलं तिथेच बाद होतात. त्यांना ३३⅓ आणि ४५ एवढेच वेग. ७८ ला सुईही वेगळी, साधारण ३ मिल (इंचाचा हजारावा भाग म्हणजे एक मिल) टोकाची. एलपीची (३३⅓ वेगाच्या मोठ्या रेकॉर्डची) बारीक सुई त्या रुंद खाचेच्या तळाशी घासते आणि गाण्यापेक्षा खरखर जास्त ऐकू येते. नव्यांत ऑडिओ-टेक्निकाच्या एटी-एलपी१२०एक्सला तिन्ही वेग आहेत. त्याची व्हीएमएन९५ई सुई काढून ७८ साठीची व्हीएमएन९५एसपी हातानेच बसते. मात्र टोनआर्मचा, म्हणजे सुई धरणाऱ्या दांडीचा, दाब २ ग्रॅमवरून ५ ग्रॅमवर न्यावा लागतो.

अमेरिकेतून आलेल्या जुन्या मशीनला लोक स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लावतात आणि निर्धास्त होतात. ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज बदलतो, हर्ट्झ (विजेची वारंवारता) नाही. सिंक्रोनस एसी मोटरचा वेग हर्ट्झवर ठरतो, त्यामुळे ६० हर्ट्झची पुली (मोटरवरची छोटी चकती) आपल्या ५० हर्ट्झवर फिरली की मिनिटाला ३३⅓ ऐवजी २७.८ फेरे होतात. काळी चारचं गाणं पांढरी चारवर उतरतं, लयही रेंगाळते. इलाज ५० हर्ट्झच्या पुलीचा. ती मिळत नसेल तर मशीन कितीही देखणं असो, सोडून द्या. टेक्निक्स एसएल-१२०० एमके२ सारख्या क्वार्ट्झ डायरेक्ट ड्राइव्हला (प्लॅटर थेट मोटरवर, वेग क्वार्ट्झ स्फटिकावर) हा त्रास नाही.

चोर बाजारात ‘चालू आहे’ म्हणतात तेव्हा प्लॅटर, म्हणजे रेकॉर्ड ठेवायची थाळी, फिरतो, एवढंच धरा. वीज बंद करून हेडशेल (टोनआर्मचं सुईकडचं टोक) दोन बोटांत अलगद धरा, मागेपुढे हलवा. सांध्यात खडखड लागली तर घेऊ नका. ढिला बेल्ट ही किरकोळ बाब. आयडलरचं, म्हणजे मोटरचा वेग प्लॅटरला देणाऱ्या चाकाचं, रबर कडक झालं असेल तर घरघर येते. आर्म आपोआप परतत नसेल तर बहुधा आतलं ग्रीस वाळलेलं असतं. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून नवं लिथियम ग्रीस किंचित लावायचं. सुईचा हिरा शाबूत दिसला तरी तिला धरणारं रबर वर्षानुवर्षांत कडक होतं, म्हणून भाव करतानाच नव्या सुईचे पैसे धरा. त्या कार्ट्रिजची (सुई जिच्यात बसते त्या डबीची) सुई मिळत नाही आणि दुसरं कार्ट्रिज लावायला हेडशेलला अर्ध्या इंचावर दोन स्क्रूची भोकंही नाहीत, असं मशीन शोभेचंच.

नव्यातली फसगत म्हणजे सुटकेसवाले प्लेअर. सिरॅमिक कार्ट्रिज, सुईचा दाब ५ ग्रॅमच्या आसपास, तो कमी करायची सोय बहुतेकांत नसते. शिवाय स्पीकर त्याच पेटीत, त्यामुळे आवाज वाढवला की हादऱ्याने सुई उडते. चांगल्या एलपींना हे लावूच नये.

घरी आणल्यावर आवाज बारीक आणि पातळ आला तर मशीनला दोष देऊ नका. मॅग्नेटिक कार्ट्रिजमधून जेमतेम ३ ते ५ मिलिव्होल्ट निघतात. त्याला फोनो प्रीअँप, म्हणजे हा बारीक सिग्नल आधी वाढवणारा अँप, हवाच. उलट आवाज फाटत असेल तर मशीनमधला प्रीअँप आणि अँपचं फोनो इनपुट दोन्ही एकदम चालू असतील. मागचं बटण ‘लाइन’वर असेल तर केबल अँपच्या ऑक्स या साध्या इनपुटमध्ये लावा. सतत हूंऽऽ येत असेल तर अर्थची बारीक वायर अँपच्या ग्राउंड स्क्रूला जोडली आहे का, ते आधी पाहा.