भूकंप पौर्णिमा-अमावास्येलाच होतात का? भिंतीवरच्या दिनदर्शिकेवरून असं तपासा

४ डिसेंबर २०२४ला सकाळी साडेसातला दोन-तीन मिनिटं कमी असताना तेलंगणातल्या मुलुगूकडे ५.३ रिश्टरचा भूकंप झाला. गडचिरोली-चंद्रपूरसोबत नागपुरातही काही घरांतले पंखे डुलले. आमच्या जिन्यात सगळे गोळा झाले, तेव्हा खालच्या मजल्यावरचे काका बनियनवरच बाहेर येऊन म्हणाले, "रविवारीच अमावास्या झाली नं भाऊ, जमीन हालनारच होती."

काकांना हसण्यात अर्थ नाही. अमावास्या-पौर्णिमेला सूर्य आणि चंद्र एका रेषेत ओढतात, समुद्राला उधाणाची भरती येते, हे खरंच आहे. समुद्र नागपूरपासून शेकडो किलोमीटरवर असला तरी आपल्या पायाखालचा खडकही रोज फूटभर वर-खाली होतो. घर, रस्ता, सीताबर्डीची टेकडी सगळं एकत्रच उचललं जातं, म्हणून कळत नाही. प्रश्न एवढाच, की या ओढीने भूकंपांची संख्या बदलते का? ते घरी बसून मोजता येतं. वही, फोन आणि तिथी छापलेली दिनदर्शिका एवढं पुरे.

१. आधी वहीत नियम लिहा, मग यादी उघडा

ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि तिथेच सगळा घोळ होतो. 'पौर्णिमेच्या आसपास' म्हणजे किती दिवस? काकांचे तीन दिवस चालतात, पाच चालतील, आठवडा धरला तर वर्षातला प्रत्येक भूकंप आत बसतो!

आपल्याकडे मोजपट्टी तयारच आहे. तिथी म्हणजे चंद्र-सूर्यातलं १२ अंशांचं अंतर. महिन्यात अशा ३० तिथी. मी पौर्णिमा आणि तिच्या दोन्ही बाजूंच्या दोन-दोन तिथी घेतो, म्हणजे त्रयोदशी ते वद्य द्वितीया. अमावास्येचंही तसंच. झाल्या १० तिथी, ही आपली 'खिडकी'. ३० पैकी १०, म्हणजे चंद्राचा काडीचाही संबंध नसला तरी साधारण तिसरा हिस्सा भूकंप या खिडकीत पडणारच. हा आकडा वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहा.

२. यादी मिळवा, आठवणीवर जाऊ नका

यूएसजीएस या अमेरिकी संस्थेच्या संकेतस्थळावर जगभरच्या भूकंपांची यादी फुकट उतरवता येते. ७ रिश्टर आणि त्यावरचे भूकंप मागा. असे वर्षाला सुमारे १५ होतात, म्हणून सहा वर्षांची यादी घेतली की नव्वदेक मिळतात. भारतातले छोटे धक्के पाहायचे असतील तर राष्ट्रीय भूकंपविज्ञान केंद्राची यादी आहे. पण सुरुवात मोठ्यांपासून करा, त्यांची नोंद सहसा सुटत नाही.

३. वेळ भारतीय करा

यादीतली वेळ ग्रीनविचची असते. त्यात साडेपाच तास मिळवा. किरकोळ वाटतं, पण कोयनेचा १९६७चा भूकंप यादीत १० डिसेंबरला दिसतो आणि आपल्या आठवणीत ११ डिसेंबरच्या पहाटे सव्वाचारनंतरचा आहे. जबलपूरचा १९९७चा तसाच, यादीत २१ मे, आपल्याकडे २२ मेची पहाट. दिनदर्शिकेच्या चौकटीत सूर्योदयाची तिथी छापलेली असते आणि शेजारी ती संपण्याची वेळ. भूकंप त्या वेळेनंतरचा असेल तर पुढची तिथी धरा, आणि सूर्योदयाआधीचा असेल तर आदल्या दिवसाची चौकटही बघा. जुन्या वर्षांसाठी ऑनलाइन पंचांगात तारीख टाकली की काम होतं.

४. जुळे काढून टाका

६ फेब्रुवारी २०२३ला तुर्कस्तानात ७.८चा भूकंप झाला आणि नऊएक तासांनी ७.५चा. पौर्णिमा आदल्या दिवशीची, म्हणजे दोन्ही खिडकीत. पण दुसरा पहिल्याच्या धक्क्यातून आला, चंद्राने दोनदा बोलावलं नव्हतं. एकाच भागातल्या अशा जोडीतला एकच मोजा.

५. आता खुणा करा

सरावासाठी आपल्याला ठाऊक असलेले घ्या. किल्लारी, ३० सप्टेंबर १९९३ : पौर्णिमा, आदल्या दिवशीचं गणपती विसर्जन आटोपून लोक झोपले होते. जबलपूर : पौर्णिमा. भूज, २६ जानेवारी २००१ : द्वितीया. सुमात्रा, २६ डिसेंबर २००४ : मार्गशीर्ष पौर्णिमा. इथवर आलात की अंगावर काटा येतो, आणि काकांना फोन करावासा वाटतो.

थांबा. कोयना : दशमीच्या आसपास. जपानची २०११ची त्सुनामी : षष्ठीच्या सुमाराला. नेपाळ, २५ एप्रिल २०१५ : सप्तमी, म्हणजे ओढ कमी असण्याचे दिवस. आणि आपला मुलुगू? तृतीया. दोन तिथींच्या नियमात तो बसत नाही! आठपैकी चार आत. तीन अपेक्षित, चार आले. एवढ्याशा नमुन्यात हा फरक काहीच नाही.

६. निकाल वाचा

९० भूकंपांत ३० खिडकीत अपेक्षित. २१ ते ३९ यांमध्ये कुठलाही आकडा आला तर तो निव्वळ योगायोगानेही येऊ शकतो. त्यापलीकडे गेला तर आधी पायरी ३ आणि ४ पुन्हा तपासा, बहुधा चूक तिथेच निघते. सुसान हफ या भूकंपशास्त्रज्ञ बाईंनी २०१८मध्ये ८ रिश्टरवरच्या भूकंपांची अशीच तपासणी केली. त्यांच्या शोधनिबंधाचा सारांश एका शब्दाचा होता : 'नाही'.

मग ओढ जाते कुठे? खडकात चंद्रामुळे पडणारा जादा ताण थोड्याच किलोपास्कलचा असतो. अंबाझरी तलावाच्या काठावर गुडघाभर पाण्यात उभं राहा, त्या पाण्याचा तळावर पडणारा दाब साधारण तेवढाच. भूकंपात मोकळा होणारा ताण त्याच्या शेकडो ते हजारो पट. तुटण्याच्या अगदी बेतात आलेल्या खडकालाच तो हलकासा धक्का पुरतो, आणि समुद्राखालच्या उथळ भेगांवर भरतीच्या पाण्याचं वजनही पडतं, म्हणून परिणाम मुळीच नाही असंही नाही. २००४मध्ये एलिझाबेथ कॉक्रन आणि सहकाऱ्यांना जोरदार भरतीच्या तासांत अशा उथळ भूकंपांचं प्रमाण वाढलेलं दिसलं. जपानी संशोधकांनी २०१६मध्ये मांडलं, की भरतीचा ताण जास्त असताना सुरू झालेला छोटा भूकंप मोठा होण्याची शक्यता थोडी वाढते. पण त्यासाठी भेगेची दिशा आणि तासातासाचा ताण मोजावा लागतो, नुसत्या तिथीवर ते दिसत नाही.

उलट चंद्रावर जा. अपोलो मोहिमांनी तिथे ठेवलेल्या यंत्रांनी खोलवरचे चंद्रकंप साधारण २७ दिवसांच्या चक्रात टिपले. तिथे ओढणारी आपली पृथ्वी आहे.

काकांना मी वही दाखवली. त्यांनी तृतीयेवर बोट ठेवलं, चष्मा वर केला आणि म्हणाले, "खिडकी तीन तिथींची कर नं मग."