प्राणिप्लवक शिकायला निघालेल्या पोट्ट्यांनो, आधी घड्याळ बघा

यवतमाळकडच्या खेड्यातून बीएस्सी केलं तेव्हा समुद्र पाहिलाही नव्हता. आता अरबी समुद्रातले कोपेपॉड मोजतो. पाण्यासोबत वाहणारे बारीक जीव म्हणजे प्राणिप्लवक, त्यांतलाच हा कवचवाला प्रकार. "आमचा पोट्टा पाण्यातले किडे मोजते," असं बाबा पारावर सांगतात. खोटं काय त्यात?

पोहता येत नाही म्हणून घाबरू नका, मलाही येत नाही. पण या जिवांचं रोजचं वर-खाली आणि ऋतूनुसार बदलणारी खोली यांत घोळ केलात, तर वर्ष गेलं समजा. माझं गेलं.

प्ल्युरोमामा नावाचा कोपेपॉड दिवसा खोल उतरतो, रात्री चरायला वर येतो, हे तुम्हाला ठाऊकच आहे. अंगाच्या एका बाजूला काळा ठिपका असतो, ओळखायला सोपा, म्हणून माझ्या वाट्याला आला. बोटीच्या हिवाळी फेरीत 14:30 च्या मल्टिनेटमध्ये (वेगवेगळ्या खोलीचे नमुने वेगवेगळे धरणारी जाळी) वरच्या 50 मीटरमध्येच तो भरभरून निघाला. पावसाळी फेरीत त्याच वेळी वर जवळपास नाहीच. मी खूश! कारणही हाताशी होतं: हिवाळ्यात उत्तर अरबी समुद्राचं वरचं पाणी गार होऊन खाली बसतं, पोषकद्रव्यं वर येतात, वनस्पतिप्लवक फोफावतात. चारा वर असताना हा खाली कशाला जाईल? स्लाइडसुद्धा केल्या.

प्रयोगशाळेतले काका त्या फेरीवर होते. स्लाइड बघून म्हणाले, "ही जाळी तर आपण रात्री जेवून टाकली होती ना रे?"

हिवाळी नोंदवही ग्रीनिच वेळेत होती, पावसाळी भारतीय वेळेत. 14:30 म्हणजे आपले रात्रीचे आठ.

साडेपाच तास मिळवले आणि पुन्हा फसलो. जानेवारीत साडेसहाला आमच्याकडे गुरं गोठ्यात बांधून झालेली असतात, म्हणून 18:30 चे दोन नमुने रात्रीत टाकले. पण भारतीय वेळ 82.5 अंश पूर्व रेखांशाची, आमचं ठाणं, म्हणजे नमुने घ्यायची जागा, 64 वर. अंशाला चार मिनिटं, म्हणजे सूर्य 74 मिनिटं मागे. तिथे तेव्हा ऊन होतं! प्रत्येक नमुन्यापुढे त्या जागेचा सूर्यास्त लिहा. सिनियरच्या तयार एक्सेलमधला 'दिवस/रात्र' रकाना तर आधी पुसा. त्यांनीही कुणाचा तरी उचललेला असतो.

हिवाळ्यातला भर दुपारचा नमुना माझ्याकडे एकही उरला नाही. पुढच्या फेरीची वाट पाहिली.

ऋतूनुसार खोली बदलणारे असतातच. उत्तर अटलांटिकमधला कॅलानस फिनमार्किकस अंगात तेल साठवून 500 ते 2000 मीटरवर हिवाळा काढतो. पण तसं काही म्हणायचं असेल तर दोन्ही ऋतूंतले दिवसाचे नमुने दिवसाशी आणि रात्रीचे रात्रीशीच ताडा.

मोठ्या नावाचा गाईड मिळाला नाही म्हणून रडू नका. फेरीवर हात ओले केलेले असे एक काका शोधा. बोटीवर पहिले तीन दिवस उलट्या होतील. मला चौथ्या दिवशी भूक लागली, ठेचा सोबत नेला होता.