इन्स्ट्रक्शनल डिझाइनचं ग्रॅज्युएट सर्टिफिकेट करताय? या चुका टाळा

अमेरिकेत आल्यावर एच-फोर, म्हणजे डिपेंडंट व्हिसावर असताना मी एका स्टेट युनिव्हर्सिटीचं ऑनलाइन सर्टिफिकेट केलं, इन्स्ट्रक्शनल डिझाइन (म्हणजे कोर्स आणि ट्रेनिंग आखून बनवणं) आणि लर्निंग टेक्नॉलॉजीचं, ५ कोर्स, १५ क्रेडिट. आता याच कामात आहे, त्यामुळे दर सेमिस्टरला कुणी ना कुणी मैत्रीण फोन करते. कुणी आधी शाळेत शिकवलेलं असतं, कुणी आयटीत टेस्टिंग केलेलं असतं, आणि अडकतात सगळ्या त्याच त्याच ठिकाणी. म्हणून एकदा नीट लिहिते.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे असाइनमेंट हातात आली की लगेच स्टोरीलाइन, म्हणजे ऑनलाइन कोर्स बनवायचं सॉफ्टवेअर, उघडणं. कोर्स कुणासाठी आहे, तो संपल्यावर त्या माणसाला काय करता आलं पाहिजे, हे ठरायच्या आधीच बटणं, कॅरेक्टर, ड्रॅग-अँड-ड्रॉप सुरू होतं. मी स्वतः हे केलंय. शेवटच्या प्रोजेक्टसाठी मी आणि माझ्या पार्टनरने आमच्या भागातल्या रविवारच्या मराठी शाळेच्या नव्या शिक्षिकांसाठी ट्रेनिंग बनवायला घेतलं, विषय रफार आणि जोडाक्षरं. उद्दिष्ट लिहिलं, 'शिक्षिकांना रफाराचे नियम समजतील'. मग तीन आठवडे खपून ४२ स्लाइड केल्या, आवाज रेकॉर्ड केला, शेवटी क्विझ. दोन ताईंना करायला दिलं, दोघींना पैकीच्या पैकी मार्क, आम्ही खूश.

मग मी सहज एका मुलाची वही त्यांच्यापुढे ठेवली. त्याने 'दर्शन' ऐवजी 'र्दशन' लिहिलं होतं, 'कर्म' ऐवजी 'र्कम'. ताईंनी लाल पेनाने दुरुस्त केलं, पण हा मुलगा दरवेळी असंच का लिहितो असं विचारल्यावर दोघी गप्प. कारण साधं आहे, र आधी ऐकू येतो म्हणून तो रफार आधीच्या अक्षरावर देतो, आणि रफार बसतो पुढच्या अक्षरावर. शिक्षिकेला हे दिसलं तर ती मुलाला दोन मिनिटांत समजावून देईल. आमच्या ४२ स्लाइडमध्ये रफाराची व्याख्या होती, नियम होते, पण मुलाची चूक ओळखणं कुठेच नव्हतं, आणि क्विझ तर 'रफार म्हणजे काय' असलंच विचारत होती.

त्या रात्री उद्दिष्ट परत लिहिलं. मुलाने लिहिलेले १० शब्द समोर ठेवले तर शिक्षिका त्यातल्या किमान ८ शब्दांत चूक आहे का आणि ती का झाली हे बरोबर सांगेल. उद्दिष्टं कशी लिहायची यावर पुस्तक लिहिणाऱ्या रॉबर्ट मेगरने १९६२ मध्ये हेच सांगून ठेवलंय, काय करेल, कुठल्या परिस्थितीत करेल आणि कितपत बरोबर करेल. उद्दिष्ट असं लिहिलं की परीक्षा आपोआप ठरते, आणि परीक्षा ठरली की कुठली स्लाइड नको तेही कळतं. ४२ मधल्या ९ उरल्या, बाकी मुलांच्या वह्यांची ६ स्कॅन केलेली पानं.

तेव्हापासून माझी सवय अशी की उद्दिष्टं आणि टेस्टचे प्रश्न आधी कागदावर लिहायचे, पेनाने, आणि ते ज्यांच्यासाठी आहेत त्यांच्यातल्या एकीला वाचून दाखवायचे, तोवर लॅपटॉप बंद. 'समजेल', 'कळेल', 'माहीत होईल' ही क्रियापदं दिसली की खोडायची, कारण समजलेलं डोळ्यांना दिसत नाही. कोर्स बनवायच्या दोन पद्धती आहेत, ॲडी (आधी विश्लेषण, मग आराखडा, मग बांधणी, अशा पायऱ्यांची) आणि सॅम (लवकर नमुना करून तो सुधारत जाण्याची). ॲडी जुनं झालं, आम्ही सॅमने फास्ट करतो, असं म्हणणाऱ्या नवख्यांचा मला खरंच राग येतो. ॲडी १९७५ मध्ये फ्लोरिडा स्टेट युनिव्हर्सिटीत अमेरिकन लष्करासाठी तयार झालं हे खरं, पण सॅममध्येही शिकणारा माणूस आधी समजून घ्यावाच लागतो, ती पायरी कुणीही माफ केलेली नाही.

आणि हो, आर्टिक्युलेटची, म्हणजे स्टोरीलाइन बनवणाऱ्या कंपनीची, फुकट ट्रायल ठरावीक दिवसांचीच असते. ती पहिल्या आठवड्यात सुरू केलीत तर कोर्स प्रत्यक्ष बनवायच्या वेळी संपलेली असते.

दुसरी चूक स्कॉर्मची, म्हणजे कोर्स कुठल्याही एलएमएसमध्ये (कोर्स चालवणाऱ्या आणि मार्क नोंदवणाऱ्या सिस्टिममध्ये) चालावा म्हणून ठरवलेल्या पॅकेजची. प्रिव्ह्यूमध्ये छान चालतं म्हणून सबमिट करतात, आणि सरांच्या एलएमएसमध्ये उघडतच नाही. बहुतेक वेळा कारण एकच, फोल्डर हाताने झिप केलेला असतो, त्यामुळे आयएमएसमॅनिफेस्ट डॉट एक्सएमएल ही फाइल झिपच्या सगळ्यात वरच्या पातळीवर न राहता आतल्या फोल्डरमध्ये जाते. फोल्डरमधल्या फाइल सिलेक्ट करून झिप करा, किंवा पब्लिश करतानाच झिपचा ऑप्शन घ्या. कोर्स पूर्ण करूनही 'इनकम्प्लीट' दिसत असेल तर ट्रॅकिंग, म्हणजे कोर्स पूर्ण झाला हे कशावरून धरायचं ते, क्विझवर लावलंय का पाहिलेल्या स्लाइडवर ते बघा. आणि मोठा कोर्स मधूनच सोडून परत उघडल्यावर पहिल्यापासून सुरू होत असेल तर स्कॉर्म १.२ ची मर्यादा आठवा, कुठवर आलो ही माहिती साठवायला तिथे फक्त ४०९६ अक्षरं मिळतात, कोर्सचे दोन तुकडे करा. मी प्रत्येक पॅकेज आधी स्कॉर्म क्लाउड या तपासणीच्या वेबसाइटवर टाकते, निम्म्यावर बंद करते, परत उघडते, मुद्दाम नापास होते. याला वीस मिनिटं लागतात आणि ती वाचवण्यात काहीच शहाणपणा नाही.

स्क्रीनवर जे लिहिलंय तेच शब्दशः आवाजात वाचू नका, त्याने शिकणं कमी होतं असं दाखवणारं मानसशास्त्रज्ञ रिचर्ड मेयरचं संशोधन पहिल्याच सेमिस्टरला शिकवतात आणि दुसऱ्या सेमिस्टरला सगळे विसरतात.

पांढऱ्यावर फिकट राखाडी अक्षरं नकोत, अक्षर आणि मागचा रंग यांतला कॉन्ट्रास्ट किमान ४.५ ला १ हवा.

पेपरात 'व्हिज्युअल लर्नर, ऑडिटरी लर्नर' (कुणी बघून जास्त शिकतं, कुणी ऐकून) असं लिहू नका. २००८ मध्ये मानसशास्त्रज्ञ पॅशलर आणि सहकाऱ्यांनी तपासून सांगितलंय की त्या त्या स्टाइलने शिकवल्यावर जास्त शिकतात याला पुरेसा पुरावा नाही.

वेळेचा हिशोब तर कुणीच करत नाही. ३ क्रेडिटचा कोर्स म्हणजे वर्ग आणि घरचा अभ्यास धरून साधारण १३५ तास. तोच ८ आठवड्यांत असेल तर आठवड्याला जवळजवळ १७ तास झाले, आणि लवकर संपवायचं म्हणून दोन एकदम घेतले तर ३४. घरात लहान मूल असेल तर एका वेळी एकच घ्या, सर्टिफिकेट सहा महिने उशिरा मिळालं तरी चालेल, पण रात्री दोनला एआयकडून डिस्कशन पोस्ट लिहून घेण्याची वेळ येऊ देऊ नका. त्या पोस्टमधूनच पुढे पोर्टफोलिओत सांगायला काहीतरी तयार होतं, इंटरव्ह्यूत विचारतात ते 'हे असंच का केलं', आणि स्वतः विचार केलेला नसेल तर तिथे बोलता येत नाही.

आता फी भरण्याआधीचं. आपल्या तीन वर्षांच्या बीए, बीकॉमला काही युनिव्हर्सिट्या इथल्या बॅचलर्सच्या बरोबरीचं धरतात, काही धरत नाहीत, त्यामुळे इव्हॅल्युएशनचे, म्हणजे आपली डिग्री इथल्या कुठल्या डिग्रीच्या बरोबरीची ते सांगणाऱ्या रिपोर्टचे, पैसे भरायच्या आधी ॲडमिशन ऑफिसला विचारा आणि कुठल्या प्रकारचा रिपोर्ट लागतो तेही. मार्कशीट तिकडच्या विद्यापीठातून मागवायला वेळ लागतो, आई-बाबांना किंवा भावाला चकरा माराव्या लागतात, तेव्हा तीन-चार महिने आधी सुरुवात करा. हे क्रेडिट पुढे मास्टर्सला चालतील का, किती आणि किती वर्षांपर्यंत, हे फोनवर नाही, ईमेलवर विचारा. मी विचारून ठेवलं होतं, आणि दोन वर्षांनी मास्टर्सला अर्ज केला तेव्हा ऑफिसातली माणसं बदललेली होती, मी तोच ईमेल पुढे पाठवला आणि १५ पैकी १२ क्रेडिट धरले गेले.