ग्लासगोला एकच दिवस आहे? मग हा क्रम धरा

लोकं एडिनबराला तीन दिवस देतात आणि ग्लासगोला उरलासुरला एक, तर त्या एका दिवसात काय काय बसतं ते सांगते. इथे लिहिलेल्या सगळ्या ठिकाणी प्रवेश फुकट आहे, पैसे लागतील ते सबवेला (म्हणजे भुयारी रेल्वेला) आणि खायला. पण क्रम मोडू नका कारण अख्खा दिवस दुपारी १ च्या एका गोष्टीवर बेतलाय. आणि शक्यतो रविवार टाळा, सकाळी कॅथेड्रलमधे प्रार्थना असते आणि सबवेही संध्याकाळी ६ च्या सुमारास बंद होते.

सकाळी १० ला कॅथेड्रल. वरचं बघून लगेच बाहेर पडू नका, जिना उतरून खाली जा, तिथे शहराचा संत, सेंट मंगो, याची समाधी आहे, दगडी खांबांची नुसती दाटी आणि एकदम गार. मागचा पूल ओलांडला की टेकडीवर नेक्रोपोलिस, म्हणजे जुनी दफनभूमी. सगळ्यात उंच खांबावर स्कॉटलंडचा धर्मसुधारक जॉन नॉक्स उभा आहे, गंमत म्हणजे तो पुरलाय एडिनबराला!

सव्वाअकराला निघा, हाय स्ट्रीट उतरून चालत वीसेक मिनिटांत मॉडर्न आर्ट गॅलरी. आतलं तुमच्या आवडीवर, मला तरी बाहेरचा वेलिंग्टनचा पुतळा जास्त आवडतो. घोड्यावर ड्यूक आणि डोक्यावर रस्त्यावरचा केशरी ट्रॅफिक कोन! १९८० च्या दशकापासून लोक तो चढवतात, काढला की परत चढवतात, २०१३ मधे कौन्सिलने चौथराच उंच करायचा घाट घातला तर लोकांनी इतका आरडाओरडा केला की तो बेत गुंडाळावा लागला. सगळे कोनचा फोटो काढून निघतात, तुम्ही चौथऱ्यावरची ब्राँझची चित्रं पण बघा, त्यात वॉटर्लू आहे आणि आपली असईची लढाईसुद्धा, १८०३ ची, मराठ्यांविरुद्धची. वेलिंग्टन म्हणजे हाच तो वेलस्ली, असईला इंग्रजांचा सेनापती. त्यानंतर तो कोन बघायला जरा जास्तच बरं वाटतं :)

बारापर्यंत बुकॅनन स्ट्रीट स्टेशनवर या. सबवे १८९६ ची आहे, डबे इतके बुटके की उंच माणसाने डोकं सांभाळावं. मार्ग गोल, स्टेशनं फक्त १५. त्यावर गाड्या दोन दिशांना फिरतात, इनर आणि आऊटर सर्कल. इनर पकडा, पाचवं स्टेशन केल्विनहॉल, तिथे उतरा. चुकून आऊटरमधे बसलात तरी घाबरू नका, गोल फिरून तिथेच पोचाल, थोडा वेळ जाईल इतकंच.

आता ती १ ची गोष्ट. केल्विनग्रोव्ह म्युझियम, १९०१ चं, लाल दगडाचं. मधल्या हॉलमधे वर ऑर्गन आहे, सोमवार ते शनिवार १ वाजता तो वाजवतात (रविवारी ३ ला). दहा मिनिटं आधी जाऊन वरच्या गॅलरीत कठड्याला टेकून उभं राहा, पहिला सूर लागला की खालची बडबड आपोआप थांबते. नंतर छताला टांगलेलं स्पिटफायर विमान, पेंढा भरलेला सर रॉजर हत्ती, आणि चित्रकार दालीचं वरून पाहिलेल्या ख्रिस्ताचं चित्र, महापालिकेने १९५२ मधे ८,२०० पौंडाला घेतलेलं, तेव्हा लोकांनी पैसे उधळले म्हणून शिव्या घातल्या होत्या. बाकी सगळं बघायच्या भानगडीत पडू नका, पाय बोलायला लागतात.

साडेतीनला टेकडी चढून युनिव्हर्सिटीत जा. क्लॉइस्टर्सच्या (इमारतीखालच्या खांबांच्या ओवरीच्या) कमानी बघून मुंबईची आठवण आली तर नवल नाही, इमारत त्याच गिल्बर्ट स्कॉटची, राजाबाई टॉवरवाल्याची. परतताना हिलहेड स्टेशनहून आऊटर सर्कल, आणि छत्री दिवसभर हाताशीच ठेवा.