कडक पाकाचा काउबॉय: वेस्टर्नचं विडंबन कसं करावं

वेस्टर्नची, म्हणजे अमेरिकन काउबॉयपटांची टर उडवणारी पाच-सात मिनिटांची फिल्म करायची म्हटलं की सगळे आधी टोप्या गोळा करायला धावतात. टोपी, रुमाल, खेळण्यातलं पिस्तूल हे एका दुपारचं काम आहे, त्यावर मी शब्द घालवत नाही. घोडा मात्र आणू नका. मी एकदा भाड्याने आणला होता आणि अख्खा दिवस त्याला चारा खाताना बघत बसलो होतो. झाडू पायात घेऊन दौडणारा शेरीफ त्याच्यापेक्षा जास्त हसवतो.

गोष्टीसाठी ‘वेस्टर्न’ नावाच्या ढगाची नव्हे, एकाच ओळखीच्या प्रसंगाची टिंगल करा. एडविन पोर्टरने १९०३ साली आगगाडी लुटणाऱ्या दरोडेखोरांचा गाजलेला मूकपट काढला आणि १९०५ मध्ये स्वतःच त्याची फिरकी घेतली. तोच दरोडा, पण दरोडेखोर लहान मुलं, घोड्यांच्या जागी तट्टं, छोटीशी आगगाडी आणि लूट म्हणजे गोळ्या आणि बाहुल्या. बाकी काही बदलावं लागलं नाही.

नटांना एकच सूचना द्या: हसायचं नाही. विल्यम हार्ट हा मूकपटांतला गंभीर काउबॉय. त्याच्या रडण्याची बस्टर कीटनने १९२२ मध्ये इतकी मन लावून नक्कल केली की हार्ट बराच काळ त्याच्याशी बोलत नव्हता. तेवढ्या निष्ठेने करा. डोळे फिरवणारा, जीभ बाहेर काढणारा नट मी पहिल्या तालमीलाच चहा आणायला पाठवतो.

आता बाटली. सलूनमधल्या (न्हाव्याचं नव्हे, काउबॉयांचा दारूचा गुत्ता) मारामारीत डोक्यावर बाटली फुटलीच पाहिजे, आणि इथेच निम्मे लोक गळपटतात. ‘जुनी काचेची बाटली घ्या, हळू मारा’ असा सल्ला देणारा माणूस सेटवर दिसला तर त्याला घरी पाठवा. खरी काच अजिबात नाही. बाटली साखरेची करायची.

२ वाट्या साखर, १ वाटी पाणी आणि अर्धी वाटी लिक्विड ग्लुकोज. हे केकचं सामान मिळतं तिथे मिळतं. साखर विरघळेपर्यंत ढवळा, उकळी आली की चमचा बाजूला ठेवा. पुढे ढवळलंत तर पाक साखरून पांढरा होतो. कडेला दाणे चिकटले तर ओल्या ब्रशने खाली उतरवा. पाक १५० अंश सेल्सिअसपर्यंत न्यायचा. तापमापी घ्याच. नसेल तर चिक्कीवाली परीक्षा: थेंब गार पाण्यात टाकायचा, पाण्यातून काढून मोडायचा. कट्‌कन तुटला तर झालं, दाताला चिकटला तर अजून वेळ आहे. शेवटचे वीस अंश भराभर चढतात, त्या वेळी फोन घेऊ नका. थोडा पिवळा पडला तर बरंच, व्हिस्कीच तर दाखवायचीय.

हा पाक अंगावर पडला की चिकटून राहतो आणि भाजतच जातो. पूर्ण बाह्या, बंद बूट, शेजारी गार पाण्याची बादली, आणि पोरंटोरं ओट्यापासून लांब.

पाक मधासारखा दाट झाला की सिलिकॉनच्या दोन भागांच्या साच्यात ओता, साचा सगळीकडून फिरवा आणि उरलेला पाक परत भांड्यात काढा. भिंत २-३ मिलिमीटरची हवी. जाड बाटली फुटत नाही, टेंगूळ मात्र आणते.

माझी पहिली बाटली जुलैतली. आदल्या रात्री केली, फडताळात ठेवली आणि झोपलो. सकाळी ती भिंतीला टेकून कमरेतून वाकलेली. दुसरी नव्हती म्हणून तीच मारली. ‘थप्प’ असा आवाज आला आणि बाटली नटाच्या केसांत अडकली. त्याने अर्धा तास डोकं नळाखाली धरलं होतं, आणि त्यानंतर आमच्याकडे काम केलं नाही. साखर हवेतली ओल ओढते. म्हणून बाटली चित्रीकरणाच्या दिवशीच करा, लागेपर्यंत सिलिका जेलच्या पुड्या घालून घट्ट डब्यात ठेवा. पावसाळ्यातच करायचं असेल तर साखरेऐवजी आयसोमाल्ट ही केकच्या सजावटीतली साखरेसारखी भुकटी वापरा. महाग पडतं, पण वाकत नाही. एका शॉटला किमान तीन बाटल्या. मी चार करतो, कारण एक नेहमी साच्यातच फुटते.

मारताना बाटलीची बाजू टोपीवर लागली पाहिजे, बूड नाही. टोपीखाली फोमची चकती, मार खाणाऱ्याचे डोळे मिटलेले. साखरेच्या कपच्याही बोचतात, त्यामुळे तोंडाच्या आसपास मारायचं नाही. आणि मारणाऱ्याने बिचकू नये. हळू मारली तर फुटत नाही, मग दुसरा फटका बसतो, आणि तो खरा लागतो.

बाटली फुटण्याने कुणी हसत नाही, पुढच्या तीन सेकंदांत हसतात. मार खाणारा हलत नाही. आपला पेला उचलतो, संपवतो, नीट खाली ठेवतो, आणि मग आडवा होतो. चित्रीकरणात हा थांबा लांबच ठेवा, संकलनात कापता येतो. स्लो मोशन लावलंत तर सगळा गंमतीचा जीव जातो. बाकीची झोंबाझोंबी सेकंदाला २२ चौकटींनी (फ्रेम्सनी) टिपून २४ ने दाखवा, अंगात किंचित भूत शिरल्यासारखी वाटते. बाटलीचा शॉट मात्र २४ वरच. कॅमेरा लांब, नट नखशिखांत दिसला पाहिजे.

साखर फुटताना पापड मोडल्यासारखा आवाज होतो. खरा आवाज वेगळा घ्या: काचेची बाटली जाड गोणपाटात बांधून बादलीत ठेवा, वरून हातोडा, डोळ्यांवर चष्मा.

शूट संपलं की आधी फरशी गरम पाण्याने पुसा, मग चहा घ्या. आम्ही एकदा उलट केलं होतं. परत आलो तेव्हा सलूनच्या दारातून मुंग्यांची रांग आत येत होती.