पोराची टाळू उंच आहे म्हणाले, आता काय करायचं?

आधी एक क्लिअर करते, टाळू म्हणजे बाळाच्या डोक्यावर तेल घालतो ती नाही हां, तोंडातली वरची. आमच्या सासूबाईंनी हे ऐकल्यावर आठ वर्षांच्या नातवाच्या डोक्यावरून हात फिरवून बघितला होता.

घरी बघायला सोप्पंय. मान मागे टाकायला सांगा, आ करायला लावा आणि मोबाईलचा टॉर्च मारा. साधारण टाळू पसरट घुमटासारखी असते, उंच असेल तर मधे अरुंद खोल खाच दिसते. आमच्याकडे मिसळीचा पाव हमखास तिथेच चिकटायचा आणि चिरंजीव बोट घालून काढायचे.

नुसती उंच टाळू हा आजार नाही, कित्येकांची जन्मापासूनच तशी असते आणि त्यांना पत्ताही नसतो. बघायचं ते सोबत अजून काय आहे. तोंड उघडं टाकून झोपतो का, घोरतो का, झोपेत श्वास अडकून दचकतो का, अंगठा चोखतो का. जीभ वर टेकलेली असली की वरचा जबडा रुंद वाढतो, तोंड सतत उघडं असलं की जीभ खाली राहते, गाल बाहेरून दाबतात आणि जबडा अरुंद होत जातो. आता नाशिकच्या डिसेंबरात नाक सगळ्यांचंच चोंदतं, त्यावर जाऊ नका, पण एप्रिलमधेपण तोंडानेच श्वास चालू असेल तर ईएनटीला (कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना) दाखवा, अडिनॉइड म्हणजे नाकाच्या मागच्या गाठी वाढलेल्या असू शकतात.

तान्हं बाळ नीट ओढून पीत नसेल, वजन वाढत नसेल तर थेट बालरोगतज्ज्ञ. आणि मूल खूप उंच, किडकिडीत, बोटं लांबलचक, पसरलेले हात उंचीपेक्षा जास्त भरतात, असं सगळं एकत्र दिसलं तर मार्फन सिंड्रोम या जन्मजात आजाराबद्दल डॉक्टरांना स्वतःहून विचारा, त्यात हृदयातून निघणारी मोठी रक्तवाहिनी फुगू शकते, म्हणून टूडी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी करतात. इथे चालढकल नको.

दात वेडेवाकडे येत असतील तर ऑर्थोडॉन्टिस्ट, म्हणजे दात सरळ करणारे डॉक्टर. टाळूच्या मधला जोड लहानपणी पक्का झालेला नसतो म्हणून एक्सपांडर (टाळूला बसवून जबडा हळूहळू रुंद करणारं यंत्र) तेव्हाच बरा पडतो, मोठेपणी बऱ्याचदा हाडात बसवायचे स्क्रू नाहीतर ऑपरेशनवर जातं. एक्सपांडरची किल्ली रोज आपणच फिरवायची, सांगतील तेवढीच, एका फेरीला साधारण पाव मिलिमीटर. पुढच्या दोन दातांत ही मोठी फट पडते, मी तर घाबरून रात्रीच फोन लावला होता. ती नंतर आपोआप मिटत येते, पण घरात लग्न असेल तर फोटो आधीच काढून घ्या.