यकृतासाठी काढा उकळण्याआधी
फॅटी लिव्हर (यकृतात साठलेली चरबी) निघालं की नागपुरात पहिला सल्ला येतो गुळवेलीच्या काढ्याचा. जरा थांबा. कोविडकाळात रोज गुळवेल घेणाऱ्या काहींच्या यकृताला इजा झाल्याचं मुंबईच्या डॉक्टरांनी नोंदवलंय. ऑटोइम्यून आजार (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते तो) असेल तर ती नकोच. फोडणीतली पाव चमचा हळद चालेल, पण मिरीचा अर्क घातलेली कॅप्सूल टाळा: मिरीतल्या पिपरीनमुळे हळदीतलं कर्क्युमिन रक्तात कितीतरी जास्त शोषलं जातं आणि काहींचं यकृत त्यानंच बिघडतं. त्यापेक्षा बिनसाखरेची काळी कॉफी, दिवसाला दोन कप. संत्र्याचा रस काढू नका, फोडी चोथ्यासकट खा. सावजी रस्सा क्वचितच, तेही वरचं तेल काढून (जिवावर येईल, पण काढा). लघवी गडद, डोळे पिवळे किंवा अंगाला खाज? काढा बंद, लगेच डॉक्टर आणि एलएफटी (यकृताची रक्ततपासणी).